खंडेनवमीच्या घाईत चाकांवर ॲसिड मारू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला आहे. खंडेनवमीला आपल्या बेळगावात हत्यारांबरोबर दारातल्या गाड्यांचीही पूजा होते आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत खानापूर रोडपासून फोर्ट रोडपर्यंत प्रत्येक वॉशिंग सेंटरसमोर रांग लागते. वर्षभरात ॲलॉय व्हीलची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांची, सर्वांत जास्त नासाडी याच दोन दिवसांत होते. पूजेच्या सकाळी लखलखणारी चाके दिवाळीपर्यंत भुरकट पडतात आणि मग माझ्यासारख्याकडे येतात. त्या वेळी सांगून उपयोग नसतो, म्हणून आधीच लिहितो आहे.

मी उद्यमबागेत बफिंगचे, म्हणजे फिरत्या कापडी चकतीवर धातू घासून चमकवण्याचे काम करतो. हात बसला तो फाउंड्रीतल्या ओतीव कामावर, पंपाच्या बॉडी आणि हायड्रॉलिकचे ब्लॉक घासून. आता माझ्याकडे येणाऱ्या कामात निम्म्याहून जास्त मोटारींची चाके असतात. फूटपाथला घासलेली, ॲसिडने जळलेली, घरी कुणीतरी तारेच्या घासणीने खरवडलेली. गिऱ्हाइकाचे वाक्य ठरलेले असते, “मामा, उद्या पूजा आहे ओ, संध्याकाळपर्यंत चकाचक करून द्या की.” चकाचक करता येते. पण चाकाला काय झाले आहे हे न बघता चकाचक करणे धोक्याचे असते, आणि ते लोकांपर्यंत पोचत नाही.

आधी ॲसिडचे सांगतो. ॲल्युमिनियम उघड्यावर आले की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याच्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण आतल्या धातूचे रक्षण तोच करतो. हा पापुद्रा म्हणजे ॲल्युमिना. आपल्या यमनापूरच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी पूड काढतात, तोच पदार्थ. हा पापुद्रा ॲसिडनेही जातो आणि कॉस्टिकनेही जातो. ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने घासले तर काळवंडते, हे घरातल्या बायकांना पक्के ठाऊक असते. चाकाचा धातू त्याच जातीचा आहे. वॉशिंग सेंटरवर ब्रेकची काळी पूड घासत बसायला वेळ नसतो, म्हणून डब्यातले ॲसिडचे पाणी फवारतात, मिनिटभरात फेस येतो, काळे वाहून जाते आणि चाक पांढरेशुभ्र दिसते. ती शुभ्रता स्वच्छतेची नसते, धातूचा वरचा थर खाल्ला गेलेला असतो. पुढच्या पावसात त्यावर पांढरा भुरका येतो आणि मग कितीही पुसा, हटत नाही.

ज्या चाकावर लॅकर, म्हणजे धातू झाकणारा पारदर्शक लेप आहे तिथे हे दुखणे आणखी वाईट. लॅकरवर एखादा ओरखडा असला की ॲसिड त्यातून आत शिरते आणि खालच्या खाली पसरत जाते. काही महिन्यांनी लॅकरखाली पांढऱ्या किड्यासारख्या वाकड्यातिकड्या रेषा दिसू लागतात. मग बाहेरून काहीही लावा, काही होत नाही. चाकाच्या पूर्ण चेहऱ्याचे, म्हणजे दर्शनी भागाचे लॅकर उतरवून पहिल्यापासून काम करावे लागते.

आणि यात माणसे आहेत. चाके उजळवणाऱ्या काही रसायनांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा त्याच्या जातीचे क्षार असतात. ते हातावर पडले तर लगेच फारसे झोंबत नाही, त्यामुळे पोरे दुर्लक्ष करतात. पण ते कातडीतून आत उतरते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि कित्येक तासांनी आत ठणका सुरू होतो. जास्त अंगावर पडले तर जिवावर बेतते. पडल्यावर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याखाली धरायचे आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सोबत डबा न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना कशाने भाजले ते कळते. आपल्याकडे वॉशिंगला काम करणारी मुले सतरा-अठराची असतात, पायात स्लीपर, हातात काही नाही. ती पोरे मराठी घरची आहेत, कन्नड घरची आहेत, उर्दू बोलणारी आहेत, आणि डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे त्यातल्या कुणीच वाचत नाही.

आता खरवडलेल्या चाकाकडे येतो. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते आणि डावीकडेच लावली जाते, म्हणून दहातली बहुतेक चाके डावीकडचीच येतात. शहापूरच्या बोळात वळताना दगडी पायरीला लागते, खडेबाजारात जागा धरायच्या घाईत फूटपाथला लागते. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ साली बेळगावचे नाव आले, त्यानंतर रस्ते रुंद झाले, फूटपाथ उंच झाले. चांगलेच झाले. फक्त कडेच्या दगडाची वरची धार कोयत्यासारखी राहते. शिवाय आताच्या गाड्यांचे टायर बसके, बाजूची भिंत कमी. पूर्वी टायर घासायचा, आता थेट रिमची कड घासते.

अशा चाकाला हात लावण्याआधी ते कुठल्या जातीचे आहे हे ओळखावे लागते. काही चाकांवर रंग असतो आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. काही चाके बिनरंगाची, आरशासारखी पॉलिश केलेली. तिसरी डायमंड कट, ज्यांचा चेहरा लेथवर तासलेला असतो आणि वर लॅकर असते. उजेडात तिरपे धरले तर गोल गोल बारीक रेघा दिसतात, त्यावरून ती ओळखू येतात. पहिली आणि तिसरी जात डोळ्यांनी कळते. पॉलिश केलेल्या चाकावर लॅकर आहे की नाही, इथे मात्र भले भले चकतात. त्यासाठी घरी करता येण्याजोगी परीक्षा सांगतो. पांढऱ्या सुती फडक्यावर मेटल पॉलिश वाटाण्याएवढे घ्या आणि चाकाच्या सहज न दिसणाऱ्या जागी हलके चोळा. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे, कारण ते काळे म्हणजे निघालेले ॲल्युमिनियम. फडके पांढरेच राहिले तर वर लॅकर आहे आणि मेटल पॉलिश तिथेच थांबवायचे. लॅकरवर ते चोळत राहिलात तर लॅकर मंद पडेल, चमक येणार नाही.

हे कळल्याशिवाय कुणी “करतो की, द्या” म्हणत असेल तर चाक देऊ नका.

उघड्या पॉलिशचे चाक कडेला खरवडले असेल तर ते सुधारते, आणि चांगले सुधारते. माझ्या कामाची पद्धत लिहितो, म्हणजे वाचकाला पैसे कशाचे घेतात ते कळेल. चाक उतरवून टायर काढायचा, निदान हवा तरी सोडायची. साबणाने धुवायचे, मग तेलकटपणा काढायचा. ग्रीस राहिले तर पेपर त्यात बरबटतो. कडेवर उभे राहिलेले कंगोरे बारीक कानशीने बसवायचे. आणि इथे माझा आग्रह आहे, ही कानस लोखंडावर वापरलेली नको. लोखंडाचा कण ॲल्युमिनियममध्ये रुतला की पावसाळ्यात तिथून तांबूस ठिपका फुटतो. तारेची घासणी किंवा स्टील वूल चाकाला लावू नका म्हणतो ते याचसाठी.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खरचटणे खोल असेल तर २४० नंबरपासून, नाहीतर ४०० पासून, पाणी लावून. त्यानंतर ६००, ८००, १२००, २०००. नंबर बदलला की घासायची दिशा बदलायची. आधी आडवे घासले असेल तर आता उभे. असे केले की मागच्या पेपरच्या रेघा नव्या रेघांना काटकोनात दिसतात आणि त्या पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. घाईत ४०० वरून थेट १२०० वर उडी मारली तर बफवर सगळे चमकते, पण उन्हात गाडी उभी केली की खालच्या रेघा भुतासारख्या वर येतात. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त चोरीही इथेच होते.

पेपर झाले की सुती बफ. त्याला लस्टर, म्हणजे पॉलिशची मेणकट वडी लावायची. आधी तपकिरी लस्टर, तो काप घेतो. मग बफ बदलून पांढरा लस्टर, तो चमक आणतो. पांढऱ्या लस्टरमधली धार पुन्हा ॲल्युमिनाचीच. एका बफवर दोन लस्टर चालत नाहीत. बफ दाबून धरायचा नाही, ॲल्युमिनियम मऊ असते, तापले की ओढले जाते आणि लाटा पडतात. हात सतत सरकता हवा आणि अधूनमधून उलट्या पंजाने चाकाला स्पर्श करून बघायचे. पंजा टेकवता आला नाही तर थांबायचे. शेवटी जे काळे मेण उरते ते मी मैदा भुरभुरून मऊ फडक्याने टिपून घेतो. मैदा तेल शोषतो आणि चरा पाडत नाही. हे सगळे करताना तोंडावर मास्क हवाच आणि उडणारी पूड साठू द्यायची नाही. ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत दाटली तर ठिणगीने पेट घेते, स्फोट होतो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात त्या खोलीत हे काम करू नये.

लॅकर असलेल्या चाकाचे एवढ्यावर भागत नाही. खरवडलेल्या जागेपुरते पॉलिश केले तर भोवती कडे दिसते. पूर्ण चेहऱ्याचे लॅकर काढून, घासून, पुन्हा लॅकर चढवावे लागते. डायमंड कटला लेथ लागतो आणि दर वेळी थोडा धातू जातो. त्यामुळे असे चाक कितीही वेळा कापता येत नाही, एकदोनदा झाले असेल तर पुढच्या वेळी रंगवून घेणे बरे. बाजारात स्प्रेचा सिल्व्हर डबा मिळतो, तो मारून दिलेले चाक महिनाभर बरे दिसते. त्याबद्दल याहून जास्त लिहावे असे काही नाही.

ज्यासाठी मुख्यतः पत्र लिहायला बसलो तो मुद्दा पुढे आहे. खरचटणे दिसण्याचा प्रश्न आहे. तडा हा जिवाचा प्रश्न आहे. आणि दोन्ही एकाच धक्क्याने होऊ शकतात.

खानापूर-लोंढा बाजूला पावसाळ्यानंतर रस्त्याला खड्डे पडतात. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा बसतात. अशा खड्ड्यात वेगाने चाक आपटले की बाहेरच्या कडेवर थोडेसे खरचटते आणि तडा जातो आतल्या बाजूला, जिथे चाक उतरवल्याशिवाय कुणाची नजर पोचत नाही. गाडीवाला बाहेरचे खरचटणे दाखवून पॉलिश मागतो. त्या आठवड्यात टायरची हवा दोनदा भरली होती, हे विचारल्यावर सांगतो. हवा हळूहळू उतरणे, ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरणे, बॅलन्सिंग करूनही न जाणे, यातले काहीही असेल तर पॉलिशचे नंतर बघू. आधी चाक उतरवून आतून धुऊन बघायचे. डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप, लावून फिरवले की वाक कळतो. तड्याची शंका असेल तर डाय पेनेट्रंट मारायचे, म्हणजे लाल द्रव लावून, थांबून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ वर येते. आपले उद्यमबाग आणि मच्छे म्हणजे फाउंड्रीवाल्यांचे गाव, हे साहित्य इथल्या कितीतरी कारखान्यांत रोज वापरात आहे. दुसऱ्या शहरातल्या माणसाला जी तपासणी शोधत फिरावे लागते, ती आपल्याकडे दोन गल्ल्यांवर आहे.

तडा निघाला तर ते चाक भंगारात. वेल्डिंग करून, वर पुट्टी भरून, घासून, रंगवून दिलेली चाके मी पाहिली आहेत. वरून ओळखू येत नाहीत. पुट्टी कडेच्या उथळ ओरखड्यात चालते, टायर जिथे बसतो त्या जागी नाही आणि तड्यात तर कधीच नाही.

वाकलेल्या चाकावर गॅसची ज्योत धरून हातोड्याने सरळ करणे हा दुसरा घातक प्रकार. फाउंड्रीतला माणूस म्हणून त्याचे कारण सांगतो. बहुतेक ओतीव ॲलॉय चाके साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमची असतात. ओतल्यावर ती भट्टीत सुमारे ५४० अंश सेल्सियसवर कित्येक तास ठेवतात, पाण्यात एकदम थंड करतात आणि मग पुन्हा १५० ते १७० अंशांच्या आसपास मुरवतात. याला टी-६ म्हणतात. चाकाची सारी ताकद त्या मुरवण्यात असते. गॅसच्या ज्योतीखाली तेवढ्या जागेपुरती ती मुरवण विस्कटते, धातू मऊ पडतो. शेजारचा भाग कडक, हा मऊ, आणि पुढचा खड्डा तिथेच घाव घालतो. लोखंड तापले की लाल होऊन सावध करते. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही, त्यामुळे ज्योत धरणाऱ्यालाही आपण कुठपर्यंत आलो ते कळत नाही. पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची पूड भाजून चढवण्याच्या भट्टीतही याच कारणाने तापमान २०० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि तेच चाक पुन्हा पुन्हा भाजू नये.

निगा राखायला फार काही लागत नाही. चाक गार झाल्यावरच धुवावे. जांबोटी-चोर्ला घाट उतरलात की ब्रेकने चाके तापलेली असतात, त्यावर लगेच पाणी मारू नका. आपली तांबडी माती कोरड्या फडक्याने कधी पुसू नये, त्यात बारीक खडे असतात. आधी पाण्याने भिजवून वाहू द्यावी, मग साधा कार शाम्पू, मऊ ब्रश आणि चाकांसाठी वेगळी बादली. गोव्याला जाऊन आल्यावर, किनाऱ्यावर गाडी उभी केली असेल तर, दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, चाकाच्या आतूनसुद्धा. खारी हवा उघड्या ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. ब्रेकची पूड रुतून बसली असेल तर ॲसिडविरहित आयर्न रिमूव्हर मिळतो, तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. दोन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, धुऊन टाकायचा. उघड्या धातूवर तो आधी छोट्या जागी लावून बघा. कोरडे झाल्यावर मेणाचा हात फिरवा. चाक काढून पुन्हा बसवले असेल तर नट समोरासमोर आवळून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून. बहुतेक मोटारींना तो ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. एअर गनने कडकडून आवळलेले नट घाटात टायर फुटला की घरच्या पान्याने सुटत नाहीत.

पूजेबद्दलही लिहितो, कुणी गैरसमज करू नये. मीही खंडेनवमीला माझ्या बफिंग मशीनची पूजा करतो. हळद-कुंकू, गंध, नारळाचे पाणी, चाकाखालचे लिंबू, सगळे रीतीप्रमाणे व्हावे. लिंबाचा रस आंबट असतो आणि उघड्या पॉलिशवर रात्रभर राहिला तर डाग धरतो. कुंकू कोरडे चोळून काढले तर चरे पडतात. त्यासाठी कुंकवाचे बोट चाकाऐवजी टायरला लावले तरी पूजा पोचते, आणि संध्याकाळी चाकांवर तांब्याभर पाणी ओतले की काम झाले.

वॉशिंग सेंटरच्या मालकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात दारावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एक पाटी लावा, ‘चाकांना ॲसिड वापरत नाही.’ गिऱ्हाईक कमी होणार नाही, वाढेल. ज्यांच्याकडे असले डबे शिल्लक आहेत त्यांनी ते गटारात ओतू नयेत, जिथून आणले तिथे परत द्यावेत. पोरांना रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांना चष्मा घेऊन द्या, चाकाला वेगळे ब्रश द्या. आणि रस्त्याचे काम बघणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की फूटपाथचे दगड बसवताना वरची धार ग्राइंडरने गोल करून घ्यावी. दगड बसवण्याआधी ते काम हातासरशी होते.

आपला,
एक बफिंग कारागीर
उद्यमबाग, बेळगाव
(नाव व पत्ता पत्रासोबत स्वतंत्र कळवला आहे.)